रिकाम्या ताटांची टेकडी

परदेशात चार वर्षे चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करून मी गावी परतले. दुर्बीण लावताच पाथरवटांची पोरे टेकडीवर गर्दी करतील, असे वाटले होते. संध्याकाळी वर गेले तर एकही पोर नव्हते. दगडांच्या ढिगाऱ्यावर एकवीस पितळी ताटे मांडलेली होती आणि त्यांच्यामध्ये रावजीबाबा बसले होते. दळायची जाती घडवताना कपच्या उडून डोळे गेलेले, गावातले शेवटचे पाथरवट.

पुनवेचा चंद्र वर आला. त्याच्या खालच्या अंगाला एक खळगा आणि त्यातून चहूकडे फुटलेले पांढरे पट्टे.

"गोंदाचा घाव दिसतोय का?" बाबांनी विचारले आणि ते सांगू लागले.

पूर्वी, म्हणे, चंद्र गुळगुळीत होता. मोठा दुष्काळ पडला. दळायला दाणा नाही, तर टाकी लावायला, छिन्नीने खाचा पाडून घ्यायला, जाते कोण आणणार? गोंदा पाथरवटाची दोन लेकरे भुकेने पडून होती. चंद्र हे देवाचे जाते, टाकी लावली की पीठ पडेल, असे त्याने धरले. पीठ पडेपर्यंत उतरणार नाही, अशी शपथ घेऊन तो फुटकी जाती रचत वर चढला. तीच ही टेकडी, असे सांगतात. पाथरवट आधी दगड वाजवून बघतो, मग घाव घालतो. गोंदाने घाईत तो वाजवलाच नाही. घाव खोल बसला. पीठ उडाले ते वरच्या वर पसरले. गोंदाचे डोळे त्याने भरले आणि कायमचे गेले.

रोज सकाळी तो वरून विचारी, "येळू, ताटात काय?" बायको म्हणे, "रिकामं." एकदा खोटे बोलली असती तर तो उतरला असता. ती खोटे बोलली नाही. आधी लेकरे गेली, मग गोंदा.

तेव्हापासून पुनवेला ताटे मांडायची, सकाळी डोळस माणसाने पाहून खरे ते सांगायचे, आणि पीठ येईपर्यंत मांडणाऱ्याने गाव सोडायचे नाही. बाकीच्यांनी मांडणे सोडले, मग गावही सोडले. त्यांची ताटे बाबाच मांडतात.

"बाबा, तिथे मोठा दगड आदळला होता. त्याची धूळ उडाली."

"मग आमी येगळं काय सांगतोय, पोरी?" बाबा हसले.

ताटे पाहणारी त्यांची बायको चैत्रात वारली. शहरातला लेक मला म्हणाला होता, "एकटे मरतील तिथे. पीठ आलं म्हण, म्हणजे मी त्यांना घेऊन जातो." मागच्या पुनवेला त्याने स्वतःच ताटात पीठ भुरभुरले होते. बाबांनी ते चिमटीत चोळले आणि म्हणाले, "गिरणीचं हाय. चांद काय गिरणीत दळून आणतो व्हय रं?"

म्हणून रात्री खाली जाऊन मी बाबांच्याच जात्यावर मूठभर ज्वारी दळली आणि रुमालात बांधून आणली.

सकाळी ताटांत नुसते दव होते.

"बघ गं, ताटात काय?"

रुमालाची गाठ माझ्या बोटांत होती. लेकाचे घर, ताटात गरम भाकरी, उशाशी माणूस, सगळे एका शब्दावर आले होते. पण बाबांना दुसरे डोळे नव्हते.

आजही त्या टेकडीवर ताटे मांडली जातात, चंद्रावर घाव दिसतो आणि खाली कण येत नाही. त्या सकाळी गाठ न सोडता मी म्हणाले, "रिकामं, बाबा."