घागरीतला दंगा

एक होतं गाव आणि गावाला होता एक राजा. पण ही गोष्ट राजाची नाही बरं का. राजा मध्येच येईल, दोन उड्या मारील आणि जाईल. गोष्ट आहे तांबट आळीतल्या येसूची. पाय आत घे रे, गार लागतील.

येसूचा नवरा तुळाजी तांब्याची भांडी घडवायचा. सकाळी ठाक ठाक, दुपारी ठाक ठाक, दिवे लागले तरी ठाक ठाक. त्या हातोडीनं त्याचे कान असे बधिर झाले होते की दारात ढोल वाजला तरी म्हणायचा, कोणी हाक मारली का? आणि येसूला मुलगे पाच. थोरला रायबा, त्याच्या पाठीवर जुळे हैबती आणि मल्हारी, चौथा भिवा आणि शेंडेफळ सिदू. इथं तुम्ही तिघंच आहात तर माझं डोकं उठतं. त्या बाईचं काय होत असेल, विचार करा.

रायबा बघावं तेव्हा छपरावर. जुळे एकमेकांच्या झिंज्या धरून. भिवाच्या बंडीत कायम काहीतरी जिवंत, आज बेडूक तर उद्या सरड्याचं पिल्लू. आणि सिदू सगळ्यांच्या मागे लुटुलुटु, पडायचा आणि भोकाड पसरायचा. चुलीवर दूध ठेवलं की कोणीतरी पडायचं, आणि पडलेल्याला उचलायला गेलं की दूध उतू जायचं. लग्न झाल्यापासून येसूनं गरम भाकरी म्हणून बसून खाल्ली नव्हती. त्यात तुळाजी कौतुकानं म्हणायचा, पोरं किती गुणाची आपली, घरात आवाज म्हणून नाही. येसूनं लाटणं फेकून मारलं नाही, हेच पुष्कळ.

एकदा काय झालं, आळीत लग्न निघालं. पाचही पोरं नवी बंडी घालून मिरवली. सगळ्या बायकांनी डोळे भरून बघितली. घरी आल्यावर जी किरकिर सुरू झाली, ती थांबेचना. येसू म्हणाली, लागली दृष्ट.

आता दृष्ट काढायची रीत काय? मी तुमची काढते तशी. एकेकाला पाटावर बसवायचं, ज्याची त्याची मूठ वेगळी. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. अंगावरून ओवाळायचं, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची निघून जाऊ दे म्हणायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं. जायची ती लोकांची नजर जावी. पोराच्या अंगातलं काही जा म्हणू नये.

पण येसू दमली होती हो. पाच पाट कोण मांडणार? तिनं पाचांना एका ओळीत बसवलं आणि एकाच मुठीत सगळ्यांचं उरकलं. त्यात भिवाचा बेडूक तिच्या पायावर उडाला. तिचा संताप झाला आणि तोंडातून निघून गेलं, "आल्यागेल्याची जाऊ दे, आणि ह्यांचा दंगाही एकदाचा जाऊ दे."

मूठ निखाऱ्यावर पडली. एरवी मिरच्या अशा तडतडतात की सगळं घर खोकतं. त्या दिवशी कोणी खोकलं नाही. पाच पोरांच्या डोक्यावरून धुराच्या पाच बटा उठल्या, त्यांची वेणी झाली आणि ती कौलांच्या फटीतून निघून गेली. येसूला वाटलं, नजर भारीच होती, बरं झालं काढली.

सकाळी उठून बघते तर पोरं ओळीनं बसलेली. तोंडं धुतलेली, अंथरुणं घडी केलेली. येसूला हर्ष मावेना. तिनं दूध तापवलं, एक थेंब उतू गेला नाही. मग पाय पसरून बसली आणि तव्यावरची भाकरी गरम गरम खाल्ली. वर लोण्याचा गोळा. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं, बघा माझी लेकरं.

पण मग दुसरा दिवस उजाडला. पोरं ओळीनंच बसलेली. रायबा म्हणाला, वाऱ्यात बसू नये, कंबर धरते. जुळे एकमेकांना म्हणाले, आधी आपण बसा, नाही नाही, आधी आपण. भिवानं बेडूक नेऊन विहिरीत सोडला आणि हात धुतले. हसू नका. तुमच्या घरात असे पाच म्हातारे बसले तर तुम्हालाही घाबरायला होईल.

तेवढ्यात सिदू उंबऱ्याला अडखळला आणि पालथा पडला. गुडघा फुटला, रक्त आलं. येसू हातातलं टाकून धावली. पण सिदू रडला नाही. त्यानं आईकडे पाहिलंही नाही. उठला, धूळ झटकली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

पोर पडलं आणि आईकडे आलं नाही. येसू चुलीपुढे बसली आणि पदरात तोंड खुपसून खूप रडली. तिकडे ठाक ठाक थांबलं. तुळाजी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "येसू, दोन दिवस झाले, माझी हातोडी कोणी लपवली नाही. पोरं बरी आहेत ना?" ज्याला काही ऐकू येत नव्हतं, त्यालाही कळलं होतं.

मग काय झालं, चूल बोलली. चूल बोलत नाही कोण म्हणतं? रोज आपलं सगळं ऐकते, कधीतरी बोलणारच. चूल म्हणाली, "अगं वेडे, मी लाकडं जाळते. दंगा कसा जाळू? तुझ्या पोरांचा दंगा धूर होऊन वाऱ्यावर गेलाय आणि सापडेल तिथं शिरलाय. शोध, कोऱ्या घागरीत कोंड आणि घेऊन ये. पण कोंडायचा तो परवाच्या अवसेचा दिवस मावळायच्या आत. एकदा दंगा मुरला की मुरला, लोणच्यासारखा. मग तो ज्याच्या अंगात, त्याचाच. आणि तुझी पोरं अशीच राहतील."

येसूनं डोळे पुसले. तुळाजीनं तिला एक कोरी घागर दिली, वर घट्ट बसणारं झाकण ठोकून दिलं. ती कडेवर घेऊन येसू निघाली.

चालली, चालली, ओढ्यापाशी आली. बघते तर काय, म्हशी सूरपारंब्या खेळतायत. एक पारंबीला लोंबकळतेय, एक शेंड्यावर चढून शेपटी हलवतेय. गुराखी खाली डोक्याला हात लावून बसलेला. येसूनं ओळखलं, हा रायबाचा दंगा. आता दंग्याला बोलवायचं कसं? मंत्र थोडाच होता तिच्याकडे? होतं ते आईचं तोंड. ती झाडाखाली उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "उतरतोस मुकाट्यानं, का येऊ मी वर?"

म्हशी टपाटपा खाली. दंगा सुळकन घागरीत. झाकण लावलं तशी घागर गुणगुणायला लागली. गुराखी पाया पडायला आला, पण येसूला कुठला वेळ?

पुढे चालली, चालली, राजवाड्यापाशी आली. आता आला बघा तुमचा राजा. भर दरबारात राजा आणि प्रधान एकमेकांच्या शेंड्या धरून लोळत होते. राजा म्हणत होता, ह्यानं आधी ओढली. प्रधान म्हणत होता, ह्यानं जीभ दाखवली. राणी सिंहासनाच्या पायरीवर बसली होती, डोक्याला कपडा बांधून. येसूला त्या राणीची इतकी कीव आली की ती भालदारांना ढकलून थेट आत गेली. म्हणाली, "दोघंही सोडा. आधी कोणी मारलं ते मला ऐकायचं नाही."

राजानं शेंडी सोडली. प्रधानानं सोडली. येसू म्हणाली, हात धुऊन या. राजा जाऊन हात धुऊन आला. जुळ्यांचा दंगा घागरीत शिरला, तिथंही ढुशा देत शिरला. राणी येसूला सोडेचना. म्हणाली, इथंच राहा, जहागीर देते. येसू म्हणाली, बाईसाहेब, माझी पोरं घरी बसली आहेत, हेच तर दुखणं आहे.

राहिला भिवाचा आणि सिदूचा. दरीत धूर उतरलेला दिसला होता, असं एका धनगरानं सांगितलं. पण दरीत कोण राहायचं? राक्षसीण. सुपाएवढे कान, नांगराएवढे दात. तिकडं कोणी जात नसे. तू जवळ सरक हवं तर, भित्री कुठली.

येसूही घाबरली. पण अवसेचा दिवस, उन्हं कलायला लागलेली. गेली. गुहेच्या तोंडाशी पोचते तर आत नुसता धुडगूस. मुसळ नाचतंय, जातं गिरक्या घेतंय, वटवाघळं रांगेत उभी राहून कवायत करतायत. आणि मधोमध राक्षसीण बसली होती, पोट धरून हसत होती. येसूला बघताच तिनं दोन्ही दंगे पदराखाली घातले.

"देणार नाही," राक्षसीण म्हणाली. "डोंगर झाला तेव्हापासून मी इथं एकटी आहे. ह्या घरात कोणी हसलं नव्हतं. पुढं आलीस तर खाईन तुला."

येसूनं दम देऊन पाहिला. पण दंगा दुसरीनं पोरासारखा कुशीत घट्ट धरलेला, तिथं दम कसा चालणार? पुढं व्हावं तर राक्षसीण खाणार. मागं फिरावं तर पोरं गेली. येसू गुहेच्या दाराशी घागर मांडीवर घेऊन बसून राहिली. ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं, मग कानावर आलं. येसूचा जीव नुसता कासावीस.

आणि मग तिन्हीसांजा झाल्या. तिन्हीसांजेला पोरांचं काय होतं ते मला विचारा. पदराखाली किरकिर सुरू झाली. राक्षसिणीनं मुसळ नाचवून दाखवलं. किरकिर वाढली. तिनं खडे वाजवले, वाकुल्या दाखवल्या. भोकाडच पसरलं. ती बिचारी घाबरून गेली. आवाज तिचा गडगडाटासारखा, हात खडबडीत, थोपटायला गेली की गुहा हादरायची. सूर्याची नुसती कड उरली होती. राक्षसीण उठली, दाराशी आली आणि पदर येसूच्या मांडीवर मोकळा केला.

"घे बाई," ती म्हणाली. "हसताना माझा होता. रडताना तो तुलाच शोधतोय."

येसूनं दोन्ही दंग्यांना कुशीत घेतलं, थोपटलं. हुंदके देत देत दोघं घागरीत उतरले. झाकण बसलं आणि सूर्य गेला.

येसू निघायला उठली. पण पाय उचलेना. गुहेत चिडीचूप झालं होतं. मुसळ आडवं पडलेलं, जातं थांबलेलं, राक्षसीण भिंतीकडे तोंड करून बसलेली. तसलं चिडीचूप घर येसूनं दोनच दिवस सोसलं होतं आणि तिचा जीव निघायला आला होता. ती परत फिरली आणि राक्षसिणीच्या शेजारी बसली. म्हणाली, "मावशी, माझी पोरं रात्री झोपतात. झोपलेल्या पोराला दंग्याचं काय काम? रोज रात्री तो तुझ्याकडे येईल. हवा तेवढा खेळव. पण पहाटे कोंबड्याच्या आत ज्याचा त्याला पोचव. आणि रडायला लागला तर लगेच."

राक्षसिणीचे नांगराएवढे दात एकदम दिसले. हसत होती हो ती. तिनं येसूला तळहातावर घेतलं, एक ढांग टाकली आणि वेशीवर उतरवलं.

घरी येऊन येसूनं झाकण काढलं. अहो, काय सांगू. गर्दीत दंग्यांची अदलाबदल झाली होती. सिदू चढला छपरावर, रायबा आईच्या मांडीवर, भिवा आपलीच शेंडी ओढतोय आणि जुळे बेडूक शोधायला विहिरीकडे. मग मारामारी करून करून त्यांनी ज्याचा त्यानं परत मिळवला. दूध उतू गेलं. बंडी फाटली. तुळाजीची हातोडी पिठाच्या डब्यात सापडली, तेव्हा तो मोठ्यानं हसला. पाचही जण एकाच वेळी आई, आई करत पाच कागाळ्या सांगायला लागले. येसूला एकही शब्द कळला नाही आणि ती सगळ्यांना हो म्हणाली.

मग रात्र झाली. एकेकाचे डोळे मिटले. धुराच्या पाच बटा उठल्या आणि दरीकडे गेल्या. येसू निवांत बसली, गार भाकरी खाल्ली. भिंतीला टेकून पाची पोरांकडे बघत राहिली. ती सुखी झाली, राक्षसीणही सुखी झाली.

तेव्हापासून बाळांनो, हे असंच चाललंय. सगळ्या पोरांचा दंगा रात्री दरीत खेळायला जातो आणि पहाटे ताजा होऊन परत येतो. म्हणून तर सकाळी उठल्या उठल्या तुम्ही माझ्या उरावर नाचता. पण पोर जागं असलं की दंगा अडकून पडतो आणि ती बिचारी गुहेच्या दाराशी वाट बघत बसते. आता तिघांचे राहिलेत. सोडा बरं त्यांना. असे डोळे मिटा. तो बघा, एक गेला.