कुत्र्याची छत्री

त्या रानात पावसाळा सरला की अन्न जमिनीतून वर येई. आश्विनाच्या उन्हाने पालापाचोळा उबदार झाला, की झाडांच्या बुडाशी पांढऱ्या छत्र्या उगवत. काही पोट भरत, काही जीव घेत, आणि दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी.

त्या ओळखणारी एकटी साळूमावशी, म्हातारी साळिंदरीण. कोणी छत्री पुढे ठेवली की ती देठ मोडून हुंगायची आणि सांगायची, "अळंबी," नाहीतर "कुत्र्याची छत्री." एवढ्या दोन नावांवर रान जगत आले होते.

मग गादीवर रानकुत्रा आला. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली की विषाला महाराजांच्या जातीचे नाव कोणी द्यायचे नाही, यापुढे उगवेल ते सगळे राजछत्र. कोण काय बोलते ते ऐकायला मावशीच्या बिळापाशी एक मुंगूस बसवण्यात आले.

मावशीने आधी वाट काढली. वाईट छत्री आली की ती म्हणे, "आज एकादशी कर, बाई." रानाला कळे. आठवड्याने मुंगसालाही कळले, आणि नवी दवंडी आली की राज्यात कोणी उपाशी नाही, तेव्हा उपासाचे नाव काढू नये. मग ती नुसती मान हलवू लागली. मान हलवण्यावरही बंदी आली. दर वेळी नवी खूण शोधायची आणि दर वेळी ती घालवायची, याला म्हातारी विटून गेली.

एका सकाळी सशीण आली.

"मावशी, धाकट्यानं हट्ट धरलाय. देऊ का ही?"

मावशीने हुंगले. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. एवढे पुरे होईल असे तिला वाटले. सशिणीला वाटले, म्हातारीला थंडी वाजतेय.

"राजछत्र आहे," मुंगसाकडे बघत मावशी म्हणाली.

संध्याकाळी सशिणीच्या बिळातून रडणे ऐकू आले. आपण भ्यालो म्हणून पोर गेले, हे मावशीला पक्के ठाऊक होते. त्यानंतर तिला घास गोड लागला नाही.

शरदाच्या मेजवानीला राजापुढे छत्र्यांचे ताट आले. सशिणीच्या पोराची बातमी त्याच्याही कानावर होती. त्याने मावशीला शेजारी बसवून घेतले आणि ताटातली एक छत्री तिच्यापुढे धरली.

"बघा बरं, कशी आहे."

तोच वास होता. मावशीचे काटे पुन्हा उभे राहिले.

"राजछत्र आहे, महाराज."

"ते ठाऊक आहे हो. पण ही ती तर नव्हे ना?"

"ती म्हणजे कुठली?" तिच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. "तुम्ही नाव घ्या, मी लगेच सांगते."

दरबार खाली मान घालून बसला होता. राजाला भूक लागली होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. तो मावशीच्या कानाशी वाकला. तोंड उघडले, पहिले अक्षर जिभेवर आले.

मावशीमागोमाग येऊन पायरीवर बसलेल्या मुंगसाने सवयीप्रमाणे कान टवकारले.