लाथ आणि त्यानंतरचा आवाज

एकदा एका गिटार वाजवणाऱ्या मुलीचा साऱ्या जगावरचा विश्वास उडाला. मुलगी म्हणजे वयाने तिशीला टेकलेली; चैताली शिरधनकर तिचे नाव, आणि कोकणातल्या एका बंदराच्या गावी ती राहत असे. अविश्वासाला कारणही तसेच होते. मी स्वतः रिक्षाचे मीटर आणि डॉक्टरांचे हसू यांकडे सारख्याच संशयाने पाहणारा माणूस असल्यामुळे मला तिच्याविषयी पहिल्यापासून सहानुभूती आहे, हे आधीच कबूल करतो.

चैताली आणि तिचे तीन सोबती सर्फ संगीत वाजवीत. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा एक खेळ आहे. तो खेळ खेळणाऱ्या दूरदेशीच्या किनाऱ्यांवर हे संगीत जन्मले. त्यात बहुधा गाणारा नसतो. गिटारची जाड तार अतिवेगाने, एकसारखी छेडायची आणि प्रत्येक सुरामागे लाट फुटून मागे सरल्याचा भास व्हायला हवा. हे ओलेपण येते जुन्या, काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह असलेल्या ॲम्प्लिफायरमधून. त्याच्या पोटात पत्र्याच्या पेटीत बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. सूर त्यांच्यामधून थरथरत जातो आणि भिजून बाहेर पडतो.

असा एक ॲम्प्लिफायर चैतालीने आदल्या वर्षी शहरातून आणला होता. मागच्या जाळीतून त्याचे व्हॉल्व्ह असे तांबूस उजळत, की पाहणाऱ्याचे मन निवावे. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर, साऱ्या कोळीवाड्यासमोर, तिने पहिली तार छेडली. आणि आवाज निघाला तो पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा कोरडा. माणसे हसली. घरी आल्यावर तिने पेटी उघडली. व्हॉल्व्ह नुसते शोभेचे होते. त्यांच्याखाली चिमुकले दिवे लावलेले होते आणि खरे काम कोपऱ्यातली नखाएवढी एक चिप करीत होती. तिला त्या हसण्यापेक्षा स्वतःच्या भाबडेपणाची लाज अधिक वाटली. सोबत्यांनी स्पष्टच सांगितले, की पुढच्या नारळी पौर्णिमेला आवाज लागला तर पुढे वाजवू, नाहीतर हा नाद सोडून देऊ.

त्याच गावी भाई कोचरेकर म्हणून एक वृद्ध कारागीर होते. ऑर्केस्ट्रा पार्ट्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. चैताली त्यांच्याकडे वर्षभर शिकत होती. वायरींच्या सांध्याला डाग कसा द्यावा, व्हॉल्व्ह कसा ओळखावा, विक्रेत्याच्या बोलण्यातला हवेचा भाग कसा वजा करावा. पौर्णिमेला पंधरा दिवस उरले तेव्हा गुरू आणि शिष्या एका सकाळी प्रभुदेसाई नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेले. मोठी वखार, आत पितळी समया, बंद पडलेली घड्याळे आणि एका भिंतीशी वाद्ये.

प्रभुदेसायांनी प्रथम एक गिटार पुढे केली. "तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजलेली आहे. हा बघा, रंग कसा झिजलाय."

भाईंनी गिटार हातात घेतली आणि चैतालीकडे दिली. "हात ठेव बघू वाजवायला."

तिने हात ठेवला. रंग उडाला होता तो तिच्या कोपरापासून चांगला वीतभर दूर. शिवाय बोटांखालच्या धातूच्या पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या. तीस वर्षे जी वाजली तिच्या पट्ट्यांवर तारांच्या खाचा नाहीत, हे कसे?

"सँडपेपरनं घासलेली दिसते," चैताली म्हणाली.

"मला मिळाली तशी विकतोय," प्रभुदेसाई छताकडे पाहत म्हणाले. मग चैतालीने कोपऱ्यातली एक साधी, कळकट गिटार निवडली. तिच्या पट्ट्यांवर खाचा होत्या आणि सूर हेलकावणारा दांडा हाताच्या घामाने काळा पडला होता. भाईंनी नुसती मान डोलावली. शिष्येला संशय घेता येऊ लागला, याचे त्यांना समाधान वाटले असावे.

आता ॲम्प्लिफायर. दोन होते, दोन्ही व्हॉल्व्हचे. पहिल्याचे कापड अजून सोनेरी, कडा शाबूत. "एका बंगल्यात पडून होता," प्रभुदेसाई म्हणाले, "आतला एक स्क्रूसुद्धा कोणी फिरवलेला नाही." दुसऱ्याला कोणीतरी तपकिरी तेलरंग फासला होता आणि त्याच्या मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा पट्टा होता. "ह्याचा ट्रान्सफॉर्मर बदललेला आहे, स्प्रिंगाही बदललेल्या आहेत. आधीच सांगितलेलं बरं."

दोन्ही सुरू केले. दोन्हींनी तापून आवाज द्यायला अर्धे मिनिट घेतले, म्हणजे व्हॉल्व्ह खरे होते. चैताली टॉर्च शोधण्यासाठी पिशवीत डोके घालते न घालते तोच भाईंनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते पहिल्या ॲम्प्लिफायरजवळ गेले आणि त्यांनी त्याला एक सणसणीत लाथ घातली. आतून गडगडाट झाला. थोडा वेळ ते डोळे मिटून उभे राहिले, मग दुसऱ्यापाशी गेले आणि त्यालाही तशीच लाथ घातली.

"अहो भाई! वखार आहे ही, फुटबॉलचं मैदान नव्हे!" प्रभुदेसाई ओरडले.

भाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. "बाय, ही तपकिरी पेटी घे," एवढेच म्हणाले.

कारण काही सांगितले नाही. आणि कारण न सांगता दिलेला सल्ला हा संशयी माणसाच्या मनात काट्यासारखा रुततो, हे मी अनुभवाने सांगतो. चैतालीने दोन्ही पेट्यांची बटणे बंद करून त्यांच्या पाठच्या फळ्या उघडल्या. पहिली आतून निर्मळ होती. प्रत्येक भाग मूळचा, एकाच सालचा, वरची धूळसुद्धा हललेली नाही. व्यापारी चक्क खरे बोलला होता. दुसरीत मात्र जागोजागी नवे डाग, वेगवेगळ्या रंगांच्या वायरी आणि लाकडावर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. जुने कारागीर दुरुस्तीनंतर आत आपले नाव आणि तारीख लिहून ठेवीत, ही पद्धत तिला ठाऊक होती. ती एकेक ओळ वाचत गेली. बेळगाव, सत्तर. कोल्हापूर, त्र्याहत्तर. आणि त्याखाली, ओळखीच्या तिरक्या अक्षरात: भाई को., मार्च एकोणऐंशी.

तिच्या हातातला टॉर्च विझला नाही. पण चेहरा विझला.

"भाई, हे अक्षर तुमचं आहे."

भाईंनी चष्मा लावून पाहिले. "माझंच. तेव्हा ही निळी होती. ओळखली नाही गो मी."

"ओळखली नाहीत, आणि तरी हीच घ्यायला सांगितलीत? प्रभुदेसायांचं आणि तुमचं आधीच ठरलं होतं काय? तुमच्या हातची जुनी पेटी माझ्या गळ्यात मारायची?"

प्रभुदेसायांनी, एकदा का होईना, काही विकायचा प्रयत्न केला नाही. चैतालीचे डोळे भरले होते. वर्षभर या एका माणसावर तिने भरवसा ठेवला होता, आणि आता तोही हातातून निसटतो आहे असे तिला वाटत होते.

भाईंनी शपथ घेतली नाही, रागावलेही नाहीत. "मी समोर टपरीवर बसतो, तुला दिसेन असा," ते म्हणाले. "फळ्या लाव. पौर्णिमेला वाजवशील तशी वाजव, आवाज पूर्ण सोडून. आधी ती सोनेरी, मग ही. एकेक तास. हात थांबवू नको."

ते रस्ता ओलांडून बाकावर जाऊन बसले. चैतालीने सोनेरी पेटीला गिटार जोडली. आवाज सुंदर होता, मन ओढून नेईल असा. मुद्दाम टपरीकडे पाहत तिने दहा मिनिटे वाजवले, पंधरा वाजवले. मग सुरांखालून एक घरघर वर येऊ लागली. विसाव्या मिनिटाला जळका वास आला आणि पेटीतून फट्कन आवाज होऊन धूर निघाला. प्रभुदेसायांनी धावत जाऊन बटण बंद केले.

तिने दुसऱ्या पेटीला गिटार जोडली. तपकिरी पेटीचा आवाज पहिलीइतका देखणा नव्हता. जरा घोगरा होता. पण तो भिजलेला होता, आणि तासाच्या शेवटच्या मिनिटाला तो जसाच्या तसा होता. वखारीसमोरून मासळीची टोपली घेऊन जाणारी एक बाई दारात थांबली आणि संपेपर्यंत हलली नाही.

चैताली टपरीवर आली. भाईंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे तिला धैर्य होईना. "चुकले," ती कशीबशी म्हणाली.

"संशय घेतलास ते चुकलं नाही," भाई म्हणाले. "बस. मी पेट्यांना लाथ का मारली, सांग."

"स्प्रिंगा वाजतात का ते बघायला."

"स्प्रिंगा तर दोन्हींच्या वाजल्या. लाथेनंतर ऐकायचं असतं. सोनेरी गडगडली आणि मग कितीतरी वेळ आत चरचरत राहिली. पन्नास वर्षं तिला कोणी हात लावला नाही, कारण कोणी वाजवलीच नाही. आतले वीज साठवणारे कंडेन्सर सुकून गेले. तपकिरी गडगडली आणि गप्प झाली. जी वाजली ती बिघडली, जी बिघडली ती कोणीतरी नीट केली. तेव्हा तू काय करत होतीस?"

"पिशवीत टॉर्च शोधत होते."

"हां. संशयसुद्धा लाथच आहे बाय. ज्याच्याबरोबर दिवस काढायचे त्याला एकदा घालावी, मलासुद्धा. पण घातल्यावर उभं राहून ऐकावं. तू मला घातलीस आणि उत्तर यायच्या आधीच निकाल दिलास."

"मग मी आरोप केला तेव्हाच का नाही सांगितलंत? चरचरीचं?"

"माझं अक्षर बघितल्यावर माझं बोलणं तुला खरं वाटलं असतं?"

तिने प्रामाणिकपणे मान हलवली, नाही म्हणून.

मग दोघे परत वखारीत गेले. भाईंनी तपकिरी पेटीतला एक थकलेला व्हॉल्व्ह बदलला आणि कानावरची पेन्सिल तिच्यापुढे धरली. "तारीख लिही. नाव तुझं."

"काम तर तुम्ही केलंत."

"तासभर ऐकलंस ना? ते काम तुझं."

एकोणऐंशीच्या खाली तिने आपले नाव लिहिले. पेटीच्या आत हात वळवून लिहिल्यामुळे अक्षर तिरके आले.

नारळी पौर्णिमेला, उन्हे कलती होत असताना, धक्क्यावर गेल्या वर्षीचीच माणसे जमली होती. काहींच्या तोंडावर हसू आधीच तयार होते. चैतालीने गिटार गळ्यात अडकवली, मागे वळली आणि पेटीला पायाने एक धक्का दिला. स्प्रिंगा गडगडल्या, साऱ्या धक्क्यावर तो आवाज पसरला आणि पुढे बसलेली पोरे दचकली. सोबत्यांना वाटले, आता ती सुरू करील. पण तिने हात वर करून त्यांना थांबवले. गडगडाट हळूहळू ओसरून पूर्ण शांत होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मगच तिने पहिली तार छेडली.

त्या दिवशी कोणी हसले नाही. मागच्या रांगेत भाई डोळे मिटून बसले होते. आणि मी, त्यांच्याच शेजारी बसलेला संशयी माणूस, अशा एका जुन्या मित्राचा विचार करीत होतो, ज्याला मी सहा वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होता आणि ज्याचे उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.