जीपच्या उजेडात पोथी

आंबा घाटात नवऱ्याची जीप म्हशींच्या कळपावर आदळता आदळता वाचली, तेव्हा कुमुदने सत्यनारायणाचा नवस बोलला होता. तो फेडण्याच्या दिवशी तिने सासऱ्यांपुढे विषय काढलाच. "मामंजी, जीपचे दिवे फार मिणमिणतात. चांगले नवे बसवूया ना?"

तात्यासाहेब गरजले, "ह्याच दिव्यांवर मी उभा जन्म घाट उतरलोय! घाट उतरायला तीक्ष्ण नजर लागते, सूनबाई, नजर! माझ्या शब्दावाचून त्या जीपचा स्क्रूसुद्धा बदलणार नाही."

कुमुदचा नवरा श्रीपाद मान खाली घालून चौरंग मांडू लागला. उद्या अंधारात त्यालाच पुन्हा घाट उतरायचा होता.

संध्याकाळी कथा सुरू होणार, तोच वीज गेली. पोथी वाचायचा मान तात्यासाहेबांचा. कुमुद लगेच म्हणाली, "समई देवापाशीच राहू दे! अहो, जीप अंगणाच्या टोकाला लावा आणि दिवे इकडे सोडा. मामंजी त्या उजेडात वाचतील!"

दिवे लागले. तात्यासाहेबांनी पोथी नाकाशी नेली, मग लांब धरली, शेवटी वैतागले. "छे! ह्या उजेडात एक अक्षर दिसेल तर शपथ!"

कुमुदने हात जोडले. "मामंजी, अक्षरं बिचारी जागची हलत तरी नाहीत. म्हशी धावत येतात हो!"

कथेला जमलेलं सगळं अंगण खदखदून हसलं. तात्यासाहेबही हसू दाबत म्हणाले, "श्रीपाद, उद्या आधी गॅरेज, मग घाट!"

तर बायांनो, देवाला नारळ जरूर वाढवा. पण घरचं माणूस अंधारात निघण्याआधी एकदा त्याच्या गाडीच्या उजेडात पोथी धरून बघा.