दाशीतला मासा

"मासा कुठे लपवता, तेवढं सांगा," होकान म्हणाला.

म्हातारा एजुन चुलीपुढे बसला होता. त्याने मान वर केली नाही. "कसला मासा?"

"रोजच्या सारातला."

एजुन हा त्या डोंगरावरच्या मठाचा स्वयंपाकी. नव्या भिक्षूंचा गुरूही तोच. मठात मासा-मटण वर्ज्य. भाजी असो, मुळा असो, टोफू असो, सगळं एकाच पाण्यात शिजायचं. त्या पाण्याला दाशी म्हणतात. होकान तीन महिने ती दाशी पीत होता आणि तीन महिने त्याला झोप नव्हती.

"पुरावा?" एजुनने विचारलं.

"माझी जीभ! माझा बाप बंदरावर मासे धुरावर सुकवतो. लाकडासारखे कडक होईपर्यंत. घरोघर त्याचाच कीस घालून दाशी करतात. मी त्या धुरात वाढलोय. मला शिकवू नका."

"बाप काय म्हणतो?"

"तीन वर्षं बोललो नाही. 'तुमच्या हातांना मेल्या जिवांचा वास येतो,' असं तोंडावर सांगून निघालो. पुन्हा माशाला शिवणार नाही, अशी शपथ घेतली. आणि तुम्ही ती रोज वाटी-वाटीने मोडलीत."

एजुनने चुलीत एक काटकी सारली.

होकानच्या बाहीत एक पत्र होतं. मोठ्या मठाला लिहिलेली तक्रार. टपालवाला दुपारी यायचा. पत्र गेलं, की चौकशी लागणार आणि म्हाताऱ्याची चूल सुटणार. याआधी दोन मठ होकानने असेच खोट काढून सोडले होते.

"आणि ते मांजर," तो म्हणाला. "रोज इथे येऊन बसतं. ते काय प्रवचनाला येतं?"

"थंडी आहे."

"आणि हे भिक्षू? पहाटेपासून लाकडं फोडतात. वर खायला काय, तर भात आणि हे पाणी. तरी एकाचीही बरगडी दिसत नाही."

"ताकद भातात आहे. सोयाबीनमध्ये आहे. दाशीत ताकद कुठली रे? ती भात घशाखाली उतरवते, आणि समुद्रातलं थोडं काही इथवर आणते. पलीकडच्या खोऱ्यात गलगंडाने गळे सुजलेली माणसं पाहिलीस ना? आपल्यात एकही नाही."

"मग ते समुद्रातलं टोपलीभर घाला की!"

"जास्तीनेही गळा बिघडतो."

म्हाताऱ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. होकानला त्याचाच राग आला. ज्याची उत्तरं तयार असतात, त्याची झडती आधी घ्यावी, असं त्याचं मत होतं.

"आज दाशी तू कर," एजुन म्हणाला. "शेजारी माझीही होऊ दे. तू बघत बस."

"बाह्या वर करा."

एजुनने बाह्या वर केल्या. काटकुळे हात. बाकी काही नाही.

होकानने पेटी उघडली. आत कोंबू होता, समुद्राच्या तळाशी उगवणारं शेवाळ. वाळून चामड्याच्या पट्ट्यांसारखं झालेलं. पट्ट्यांवर पांढरी भुकटी होती.

"ही कसली पूड?"

"त्याचीच आहे. वाळताना वर येते."

"हो का!"

होकानने आपली पट्टी दाराबाहेरच्या झऱ्याखाली धरली. एकदा, दोनदा, तीनदा घासली. पार काळी कुळकुळीत होईपर्यंत. एजुनने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग त्याने स्वतःची पट्टी कोरड्या फडक्याने नुसती पुसली, चवीची ती पूड तशीच ठेवून. दोन वाळलेल्या अळंब्यांबरोबर ती गार पाण्यात सोडली आणि तो स्वस्थ बसला.

"अळंबी घेतोस?"

"नको. एका वेळी एकच संशयित."

होकानने आपलं भांडं थेट चुलीवर चढवलं. खाली लाकडं सारली.

"बुडबुडे यायच्या आत पट्टी काढ," एजुन म्हणाला.

"का? कसली घाई झालीय?"

"कडू होतं."

होकान हसला. काय बाहेर येईल म्हणून म्हातारा घाबरतोय? त्याने आणखी दोन लाकडं घातली. पाणी खळखळा उकळलं. पट्टी फुगली, नाचली. तो दोन्ही भांड्यांवर नजर ठेवून बसून राहिला. लघवीला लागली, तरी उठला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने सार वाटीत ओतलं. हिरवट. बुळबुळीत. एक घोट घेतला आणि थुंकला.

"बघा!" तो ओरडलाच. "मासा काढून घेतला, की ही लायकी तुमच्या दाशीची!"

एजुनने ती वाटी उचलली. तळापर्यंत प्यायला. तोंड पुसलं.

मग त्याने स्वतःचं भांडं मंद निखाऱ्यांवर ठेवलं. कडेला पहिला बारीक बुडबुडा धरतो न धरतो, तोच पट्टी उचलून बाहेर. आणखी थोडा वेळ गेला. चिमूटभर मीठ. वाटी होकानच्या हातात.

होकानने घोट घेतला.

धूर…

बंदरामागची ती काळी खोली. भट्टीपुढे उकिडवा बसलेला बाप. भेगाळलेली बोटं मासा उलटवतायत. पोराच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून मधेच पाठ आडवी करतोय.

होकानने पळी घेऊन भांडं तळापासून ढवळलं. दोन अळंब्या. पाणी. त्याने वाटी मांजरापुढे ठेवली. मांजराने वास घेतला आणि ते पुन्हा चुलीपाशी जाऊन बसलं.

"गुरुजी…" तीन महिन्यांत तो पहिल्यांदा हा शब्द बोलला. "यात मासा नाही."

"नाही."

"पण मला लागला."

"रोज लागत असेल."

"रोज…"

एजुनने सुरी घेतली. दोन्ही पट्ट्या एकत्र ठेवून बारीक चिरायला लागला. सोया सॉसमध्ये आटवल्या, की भाताबरोबर उद्या तोंडी लावायला होणार होत्या.

"माझी पट्टी तरी टाकून द्या. बिघडवलीय मी ती."

"इथे काही टाकत नाहीत."

खाली पायऱ्यांवर टपालवाल्याची घंटा वाजली.

होकान गडबडीने उठला. बाहीतून पत्र काढलं आणि चुलीकडे हात नेला.

एजुनने त्याचं मनगट धरलं. पत्र सोडवून घेतलं. काय लिहिलंय ते वाचलं नाही. घडी उघडली, कागद पालथा केला आणि चटईवर ठेवला. कोरी बाजू वर. शेजारी शाई आणि कुंचला सरकवला.

"टपालवाल्याला मी सार पाजतो," तो म्हणाला. "तेवढ्यात बापाला चार ओळी लिही."