दहाव्या मजल्यावरचा जिना

एका शहरात रणदिवे नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ होते. अग्निशमन दलात त्यांची तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर ते इमारतींच्या अग्निसुरक्षेची तपासणी करीत, आणि शाल्मली नावाची तरुण इंजिनिअर त्यांच्या हाताखाली हे काम शिकत होती.

एकदा दोघे एका दहा मजली सोसायटीत गेले. सोसायटीचे अध्यक्ष मुनोत हे कापडाचे व्यापारी. ते म्हणाले, "शनिवारी इमारतीच्या विम्याची मुदत संपतेय. कंपनीला तुमचा अहवाल हवा आहे. आजच मिळाला तर बरं होईल."

दुपारपर्यंत शाल्मलीने पंप, पाण्याची टाकी, भोंगे, आग विझवायचे सिलिंडर सगळे तपासले. सारे नवे आणि चालू होते. ती समाधानाने म्हणाली, "सर, सही करायला हरकत नाही."

रणदिव्यांनी पेन उघडलेच नाही. त्यांनी मुनोतांना विचारले, "या इमारतीत सर्वांत सावकाश कोण चालतं?"

"दहाव्या मजल्यावरच्या कावेरीबाई. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. पण त्यांचा इथे काय संबंध?"

रणदिवे दोघांना घेऊन दहाव्या मजल्यावर गेले आणि त्यांनी त्या बाईंना विनंती केली, "मावशी, माझ्याबरोबर जिन्याने खाली याल? दमलात की थांबू."

"लिफ्ट बंद पडली का?"

"पडली असं समजा. आग लागली की ती वापरता येत नाही."

कावेरीबाईंनी काठी घेतली. शाल्मलीला मात्र अवघडल्यासारखे झाले. म्हाताऱ्या माणसाला हा त्रास कशासाठी, हे तिला कळेना.

आठव्या मजल्यावर चपलांचे कपाट कठड्याला टेकलेले होते. तिथे बाईंचा हात कठड्यापर्यंत पोचेना. सहाव्या मजल्यावर दोन सायकली उभ्या होत्या. चौथ्या मजल्यावरचे धूर अडवणारे दार कोणीतरी वीट लावून उघडे ठेवले होते. अखेर तळाशी पोचले, तर बाहेर पडायच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली घेऊन वॉचमन चहाला गेला होता. कावेरीबाई शेवटच्या पायरीवर बसून राहिल्या.

मुनोत खाली मान घालून म्हणाले, "चोऱ्या होतात म्हणून मीच कुलूप लावायला सांगितलं."

शाल्मलीने हळूच विचारले, "सर, सकाळी मी याच जिन्याने दोनदा गेले. मला हे दिसलं कसं नाही?"

"तू सगळं ओलांडून गेलीस," रणदिवे म्हणाले. "जो अडतो त्यालाच अडथळा दिसतो. यंत्रं आग विझवतील, विमा भिंती पुन्हा उभ्या करील. पण त्याआधीची काही मिनिटं माणसाला जिन्यावरच काढावी लागतात. ती मिनिटं आपण आपल्या पावलांनी मोजली, तर हिशेब चुकतो. सर्वांत सावकाश चालणारा सुखरूप बाहेर पडेल की नाही, एवढंच पाहायचं. बाकीचे मग बाहेर पडतातच."

शाल्मलीने आपला अहवाल खोडला आणि नव्याने लिहायला घेतला. मुनोतांनी स्वतः घरोघरी जाऊन जिना मोकळा करून घेतला. कुलूप जाऊन तिथे आतून ढकलताच उघडणारी कडी आली. कावेरीबाईंना खाली आणायची जबाबदारी शेजारच्या दोघा भावांनी घेतली. शुक्रवारी रणदिवे आणि शाल्मली पुन्हा येऊन जिना उतरले, आणि मगच रणदिव्यांनी सही केली.

हिवाळ्यात मुनोतांचे पत्र आले. शाल्मलीने ते मोठ्याने वाचले. "रविवारी सकाळी मीटरच्या खोलीला आग लागली. कावेरीबाईंसह सर्व माणसे सुखरूप बाहेर आली. मीटर व वायरिंग जळाले असून विमा कंपनीला कळवले आहे."

रणदिव्यांनी पत्र हातात घेऊन पुन्हा एकदा वाचले.

"वाक्यांचा क्रम बरोबर आहे," ते म्हणाले, आणि शांतपणे चष्मा पुसू लागले.