न आलेले नारळ

खाडीच्या काठी, नारळीपोफळींच्या आड एक गाव होतं आणि त्या गावाला एक वैद्य होते. सगळे त्यांना नाना म्हणत. गावाचा त्यांच्यावर इतका लोभ, की पोरंसुद्धा त्यांच्या कडू गोळ्या तोंड वाकडं न करता गिळायची. गावात रीत अशी, की दुखण्यातून जो उठेल त्याने वैद्याच्या ओटीवर एक नारळ आणून ठेवायचा. त्या नारळापलीकडे नानांनी कधी कोणाकडून काही घेतलं नाही.

एका वर्षी साथ आली. जुलाब-उलट्या लागायच्या आणि धडधाकट माणूस दोन दिवसांत चिपाडासारखा सुकून जायचा. नानांनी पायाला फोड येईपर्यंत डोंगर तुडवला, एक मुळी शोधून आणली आणि तिचा काढा केला. पथ्य एकच होतं. काढा घेतला की दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. डोंगरभर विखुरलेल्या वाड्यांतून माणसं यायची आणि काढा घेऊन जायची. महिन्याभरात ओटीवर साठ नारळ जमले. येता-जाता नाना त्या ढिगाकडे बघायचे आणि लहान मुलासारखे हरखायचे.

ही बातमी राजापर्यंत गेली. राजाचा कारभारी बारा होड्या घेऊन काठाला लागला. साथीने बारा गावं हैराण झाली होती, तिथे हा काढा पोचवायचा होता. पण राजाचा एक नियम होता. ज्याने औषध केलं त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणा वैद्याने ‘मी तपासलं, मला पटलं’ असं म्हटल्याशिवाय औषध गावाबाहेर न्यायचं नाही.

आता गावात दुसरा वैद्य म्हणजे नानांचीच शिष्या द्वारका. आईबाप गेल्यावर नानांनीच तिला लहानाची मोठी केलेली. बोटं धरून नाडी बघायला शिकवलेली. म्हणजे तपासणी काय होणार, हे सगळ्या गावाने आधीच ठरवून टाकलं होतं.

“म्हण गो पटलं म्हणून! काढा चढवून होड्या खोळंबल्यात,” नाना हसत म्हणाले.

द्वारका ढिगाकडे बघत होती. “नाना, काढा किती जणांना दिलात?”

“ऐंशी जणांना.”

“आणि नारळ साठ. मला तीन दिवस हवेत.”

कारभाऱ्याने कपाळावर हात मारला. “तिकडे माणसं मरतायत आणि बाईंना नारळ मोजायचेत!”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. द्वारकेलाही ते लागलं. पण ती निघाली. ज्यांच्याकडून नारळ आला होता त्यांच्याकडे ती गेलीच नाही. आला नव्हता, त्या वीस घरांच्या पायऱ्या तिने चढल्या.

पहिल्याच घरात एक बाई एकटी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “नारळ द्यायचा होता गो. पण ज्याने नेऊन द्यायचा, तोच उरला नाही.”

“मग नानांना का नाही सांगितलंस?”

“कशाला? एवढा जीव लावणारा माणूस. त्यांना वाईट वाटलं असतं. आमच्याच हातून काढा द्यायला उशीर झाला असेल.”

वीसही घरांत हेच. कोणी म्हणालं उशीर झाला, कोणी म्हणालं पथ्य चुकलं असेल. प्रत्येकाने दोष आपल्या अंगावर घेतला होता आणि नानांना जपलं होतं. माणसं किती गोड असावीत, यालाही काही मर्यादा हवी!

तिसऱ्या दिवशी, काढा न घेतलेल्यांचं काय झालं ते बघायला, द्वारका खाडीपलीकडच्या वाडीत गेली. होडीवाला आता कुठे उठला होता; महिनाभर तो स्वतःच आजारी, त्यामुळे तिथे काढा पोचलाच नव्हता. भागी नावाच्या म्हातारीने तिला सगळं सांगितलं. चाळीस जण पडले होते, त्यांतले चार गेले.

“मग बाकीच्यांना दिलंत काय?”

“काय देणार? मीठ घालून पातळ पेज पाजली. मागितली तरी आणि नाही मागितली तरी.”

इथे दहातला एक गेला होता. नानांच्या काठावर चारातला एक. परतताना द्वारका होडीत बसून रडली. खरं बोललं तर बापासारखा माणूस मोडणार होता, आणि गप्प बसलं तर बारा गावांच्या चुली विझणार होत्या.

ओटीवर येऊन तिने नानांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. “काढ्याने झालं की पाणी तोडल्याने, ते मला ठाऊक नाही, नाना. पण मला पटलं नाही.”

नानांनी नारळांच्या ढिगाकडे बघितलं. मग त्यांनी डोळे पुसले. “मी तुला नाडी धरायला शिकवली. माझा कान धरायला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच, नाना.”

नाना उठले. “कारभारी, काढा होडीतून उतरवा. आठ दिवस थांबा. नव्याने जो पडेल त्याला काढा बंद, मिठाची पेज सुरू. काय होतं ते आधी बघू.”

“पण राजाला मी काय सांगू?”

“सांगा, वैद्य अजून शिकतोय.”

आठ दिवसांत पंचवीस जण पडले आणि दोघे सोडून सगळे उठले. नवव्या दिवशी बारा होड्या मीठ आणि तांदूळ घेऊन निघाल्या. पेज कशी पाजायची ते दाखवायला एका होडीत भागी म्हातारी बसली होती, आणि वल्ही कशी मारावीत हेसुद्धा ती सांगत होती.

नाना मात्र काठावर नव्हते. त्यांनी ढिगातले वीस नारळ पोत्यात भरले होते. ते त्या वीस घरी गेले, प्रत्येक उंबऱ्यावर एक नारळ ठेवला आणि हात जोडले. चुलीपुढच्या त्या बाईने त्यांना घरात बोलावलं, पाटावर बसवलं आणि प्यायला तांब्याभर पाणी दिलं. नाना ते सगळं प्यायले.

तात्पर्य: औषध आपल्या लाडक्या माणसाचं असलं तरी ते तपासून घ्यावं, आणि तपासताना जे आभार मानायला आले त्यांच्याइतकंच, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याही दारी जावं.